चर्चिल आणि मार्लबरो घराणे : ऐतिहासिक चित्रे व छायाचित्रांतून

३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडाच्या संसदेत भाषण करून ब्रिटनचे पंतप्रधान विन्स्टन चर्चिल सभापतींच्या दालनात आले, तेव्हा तेथे दिवे आणि कॅमेरा मांडून एक छायाचित्रकार उभा होता. चर्चिल यांना याची कोणतीही पूर्वकल्पना देण्यात आलेली नव्हती. काहीशा नाराजीनेच त्यांनी संमती दिली; तोंडातील सिगार मात्र तशीच राहिली. युसुफ कार्श या छायाचित्रकाराने राखदाणी पुढे केली, तरी सिगार हलली नाही. तेव्हा कार्श पुढे झाले, क्षमा मागून त्यांनी सिगार चर्चिल यांच्या ओठांतून काढून घेतली आणि कॅमेऱ्याची कळ दाबली. कपाळावर आठ्या, एक हात कमरेवर, दुसरा खुर्चीच्या पाठीवर आणि डोळ्यांत रोष, असे ते छायाचित्र पुढे 'गर्जणारा सिंह' या नावाने जगभर पोहोचले. नाझी जर्मनीपुढे न झुकणाऱ्या राष्ट्राचा निर्धार जगाने ज्या चेहऱ्यावर वाचला, तो चेहरा प्रत्यक्षात सिगार हिरावली गेल्यामुळे संतापलेल्या माणसाचा होता. त्यानंतर लगेच कार्श यांनी हसऱ्या चर्चिल यांचेही एक छायाचित्र टिपले. ते फारसे कोणाच्या स्मरणात नाही.

कार्श हे ऑटोमन साम्राज्यातील छळातून बचावलेले आर्मेनियन निर्वासित होते. या एका छायाचित्राने त्यांचे नाव सर्वतोमुखी झाले. बँक ऑफ इंग्लंडने २०१६ साली चलनात आणलेल्या पाच पौंडांच्या नोटेवरील चर्चिल याच छायाचित्रावरून घेतलेले आहेत. कार्श यांनी स्वाक्षरी केलेली त्याची एक प्रत ओटावा येथील शातो लॉरिए या हॉटेलात लावलेली होती. २०२१ च्या अखेरीस वा २०२२ च्या प्रारंभी ती चोरीस गेली आणि तिच्या जागी नक्कल टांगण्यात आली. हा प्रकार ऑगस्ट २०२२ मध्ये उघडकीस आला. मूळ प्रत इटलीतील जिनोआ शहरात सापडली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ती कॅनडाच्या स्वाधीन करण्यात आली.

चर्चिल यांच्या प्रतिमेचे हे सामर्थ्य केवळ योगायोगाने आलेले नव्हते. ते ज्या उमराव घराण्यात जन्मले, त्या घराण्याने आपला पराक्रम आणि आपली प्रतिष्ठा दगडात, विणकामात आणि तैलरंगांत गोठवून ठेवण्याचे काम सुमारे दोन शतके केले होते. विसाव्या शतकात तैलरंगांच्या जागी कॅमेरा आला, एवढाच काय तो फरक. म्हणूनच ही चित्रे पाहताना ती कोणी करविली, कशासाठी करविली आणि चौकटीबाहेर काय ठेवले, हे विचारणे आवश्यक ठरते.

विजयाचे स्मारक, तेच निवासस्थान

घराण्याचा मूळपुरुष जॉन चर्चिल, पहिला ड्यूक ऑफ मार्लबरो. १३ ऑगस्ट १७०४ रोजी डॅन्यूब नदीकाठच्या ब्लेनहाइम या गावाजवळ त्याने फ्रान्स आणि बव्हेरिया यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. त्याबद्दल राणी ॲन हिने त्याला ऑक्सफर्डशायरमधील वुडस्टॉक येथील जमीन दिली आणि तेथे त्याच्यासाठी प्रासाद उभारण्याचे ठरले. वास्तुकार जॉन व्हॅनब्रू याच्या आराखड्यानुसार १७०५ साली बांधकाम सुरू झाले. पुढे ड्यूकची पत्नी सारा आणि राणी यांच्यात बेबनाव झाला, सरकारी पैसा थांबला आणि उरलेले काम घराण्याला स्वतःच्या खर्चाने पुरे करावे लागले. राजकृपेवर उभे राहणारे वैभव किती अस्थिर असते, याचा अनुभव या घराण्याने पहिल्याच पिढीत घेतला.

'ब्लेनहाइम पॅलेस' हे नाव युद्धावरून पडले आहे आणि वास्तूचा कोपरान् कोपरा त्या युद्धाची आठवण देतो. ब्रसेल्स येथे विणून घेतलेल्या भव्य भित्तिपटांवर ड्यूकच्या मोहिमांची दृश्ये आहेत. त्यांत घोड्यावर बसलेला सेनापती शांत आणि निश्चल दिसतो. धूर, प्रेते आणि पळापळ त्याच्या भोवती, पण अंतरावर आहेत. या इस्टेटीचा 'खंड' म्हणून दरवर्षी १३ ऑगस्टच्या सुमारास फ्रेंच राजचिन्ह असलेला एक लहानसा ध्वज ब्रिटिश राजाला वा राणीला सादर करण्याची प्रथा आजतागायत पाळली जाते. युनेस्कोने १९८७ साली या प्रासादाचा जागतिक वारसा यादीत समावेश केला.

प्रासादाच्या तांबड्या दिवाणखान्यात समोरासमोर लावलेली दोन प्रचंड कुटुंबचित्रे घराण्याची कथा थोडक्यात सांगतात. पहिले चित्र सर जोशुआ रेनॉल्ड्स यांनी १७७७-७८ च्या सुमारास काढलेले, चौथ्या ड्यूकच्या परिवाराचे. त्यात मुलाबाळांनी वेढलेले, सुखवस्तू आणि निर्धास्त कुटुंब दिसते. दुसरे चित्र त्याला शोभावे म्हणूनच जॉन सिंगर सार्जंट यांच्याकडून १९०५ साली करवून घेतलेले, नवव्या ड्यूकच्या कुटुंबाचे. यात पहिल्या ड्यूकचा अर्धपुतळा सर्वांच्या वर स्थापिलेला आहे. खाली ड्यूक, दोन मुलगे, कुत्री आणि मध्यभागी उंच मानेची डचेस कॉन्सुएलो.

या दोन चित्रांमधील काळात घराण्याची आर्थिक स्थिती पार खालावली होती. सातव्या ड्यूकने मौल्यवान ग्रंथसंग्रह विकला. आठव्या ड्यूकने १८८५ साली राफाएलचे 'आन्सिदेई मॅडोना' हे चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीला ७० हजार पौंडांना विकले. नवव्या ड्यूकने दुसरा मार्ग पत्करला. न्यूयॉर्कच्या रेल्वेसम्राट व्हँडरबिल्ट घराण्यातील कॉन्सुएलोशी त्याने नोव्हेंबर १८९५ मध्ये विवाह केला आणि त्यासोबत सुमारे २५ लाख डॉलरचे रेल्वेचे भाग-भांडवल आले. सार्जंटच्या चित्रातील दिमाख या पैशावर उभा होता. चित्र रंगविले गेले त्याच्या पुढच्याच वर्षी पतिपत्नी विभक्त झाली. चित्रात मात्र ती आजही एकत्र उभी आहेत.

या विवाहाला विन्स्टनच्या दृष्टीनेही अर्थ होता. जानेवारी १८९५ मध्ये वडिलांचा मृत्यू झाल्यापासून ड्यूकपदाच्या वारसाक्रमात विन्स्टन पहिल्या स्थानावर होते. कॉन्सुएलोला सप्टेंबर १८९७ मध्ये पुत्र झाला आणि ते स्थान गेले. तसे झाले नसते, तर विन्स्टन यांना उमरावांच्या सभागृहात बसावे लागण्याची शक्यता होती आणि कॉमन्समधून पंतप्रधानपदापर्यंतचा मार्ग बहुधा बंद झाला असता.

मातापिता

विन्स्टन यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८७४ रोजी याच प्रासादात झाला. वडील लॉर्ड रँडॉल्फ हे सातव्या ड्यूकचे धाकटे पुत्र. इंग्रजी प्रथेप्रमाणे पदवी आणि इस्टेट थोरल्याकडे जाते. धाकट्याकडे घराण्याचे नाव उरते आणि उत्पन्नाची विवंचना. आई जेनी जेरोम ही न्यूयॉर्कमधील धनिक लेनर्ड जेरोम यांची कन्या. त्या काळातील छायाचित्रांत जेनीच्या काळ्याभोर केसांत हिऱ्यांची चांदणी लखलखताना दिसते. १८८९ च्या एका सुप्रसिद्ध छायाचित्रात ती मधोमध बसली असून विन्स्टन व जॅक हे दोघे मुलगे तिच्या दोन बाजूंना आहेत. चित्र जिव्हाळ्याचे वाटते. प्रत्यक्षात त्या वर्षांत मुलगा वसतिगृहातून भेटीला येण्याची विनवणी करणारी पत्रे लिहीत होता आणि आई फार क्वचित जात होती. मुलाला जिचा खरा आधार होता, ती दाई एलिझाबेथ एव्हरेस्ट. तिचे छायाचित्र चर्चिल यांनी अखेरपर्यंत आपल्या खोलीत ठेवले होते.

लॉर्ड रँडॉल्फ यांचा हिंदुस्थानशी थेट संबंध आला. १८८४-८५ च्या हिवाळ्यात त्यांनी या देशाचा दौरा केला आणि जून १८८५ मध्ये ते हिंदुस्थानमंत्री झाले. त्यांच्याच कारकिर्दीत ब्रह्मदेशावर स्वारी झाली आणि १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश साम्राज्यास जोडण्यात आला. जेनीला व्हिक्टोरिया राणीने 'ऑर्डर ऑफ द क्राउन ऑफ इंडिया' हा केवळ स्त्रियांसाठी असलेला सन्मान दिला. योगायोग असा की, लंडनमध्ये हे घडत असतानाच डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत राष्ट्रीय काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले होते.

रँडॉल्फ अर्थमंत्री झाले, काही महिन्यांतच राजीनामा देऊन बसले आणि पुन्हा कधी मंत्रिमंडळात आले नाहीत. २४ जानेवारी १८९५ रोजी, वयाच्या ४५ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मिशांची टोके वळविलेल्या या तडफदार वक्त्याची व्यंगचित्रे त्या काळच्या इंग्रजी साप्ताहिकांतून सतत येत असत. वृत्तपत्रातील चित्र माणसाला मोठे करते आणि पाडतेही, हे विन्स्टनने घरातच पाहिले.

मुंबई, पुणे, बंगळूर

१८९५ सालचे एक छायाचित्र चौथ्या हुसार्स या घोडदळ पलटणीच्या झगमगत्या गणवेशातील कोवळ्या चर्चिल यांचे आहे. याच पलटणीबरोबर ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईस उतरले. ससून डॉकच्या पायऱ्यांवर होडीतून उतरताना, लाटेच्या हेलकाव्यात भिंतीतील लोखंडी कडी धरण्याच्या प्रयत्नात त्यांचा उजवा खांदा निखळला. ती दुखापत जन्मभर राहिली. पोलो खेळताना हात पट्ट्याने बांधावा लागे आणि १८९८ साली सुदानमधील ओमदुरमानच्या लढाईत त्यांनी तलवारीऐवजी पिस्तूल वापरले, तेही त्यामुळेच.

मुंबईहून पलटण पुण्यास आली. तेथे मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनी या तरुण अधिकाऱ्याला गणेशखिंडीतील सरकारी निवासस्थानी मेजवानीस बोलावले आणि त्याने हिंदुस्थानच्या कारभारावर गव्हर्नरांना मोकळेपणाने चार गोष्टी ऐकविल्या, असे चर्चिल यांनी पुढे स्वतःच गमतीने लिहून ठेवले आहे. त्याच निवासस्थानातील समारंभाहून परतताना २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड याच्यावर चापेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. आज ही वास्तू सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे.

पुढील मुक्काम बंगळूर. तेथील क्लबात जपून ठेवलेल्या १८९९ सालच्या खातेवहीत लेफ्टनंट चर्चिल यांच्या नावे तेरा रुपयांची बुडीत बाकी नोंदविलेली आहे. हे पान पाहण्यासाठी लोक आजही येतात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र बंगळूरचे महत्त्व वेगळे आहे. दुपारच्या रिकाम्या वेळात त्यांनी तेथे इतिहासाचे प्रचंड वाचन केले, आणि येथूनच वायव्य सरहद्दीवरील मलाकंदच्या मोहिमेत जाऊन १८९८ साली आपले पहिले पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांची हिंदुस्थानविषयीची मते मुख्यतः या छावणीतल्या काळात घडली आणि ती नंतर फारशी बदलली नाहीत.

नोव्हेंबर १८९९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर सैन्याने त्यांना कैद केले. प्रिटोरिया येथे घेतलेल्या छायाचित्रात इतर कैद्यांपासून किंचित अलग, उद्दाम नजरेने उभे असलेले चर्चिल दिसतात. महिनाभरातच ते निसटले आणि त्या कीर्तीच्या बळावर १९०० साली कॉमन्समध्ये निवडून आले.

प्रसिद्धी उलटण्याचा प्रसंग ३ जानेवारी १९११ रोजी आला. लंडनच्या सिडनी स्ट्रीटवर सशस्त्र गुन्हेगारांना पोलिसांनी वेढले होते. गृहमंत्री असलेले चर्चिल उंच टोपी आणि फरच्या कॉलरचा कोट घालून तेथे हजर झाले. कोपऱ्याआडून डोकावणाऱ्या मंत्रिमहोदयांचे छायाचित्र वृत्तपत्रांत आले आणि चलच्चित्रही चित्रगृहांत दाखविले गेले. छायाचित्रकार तेथे काय करीत होता हे समजते, पण सन्माननीय गृहस्थ काय करीत होते, अशा अर्थाची कोपरखळी बाल्फोर यांनी संसदेत मारली.

चर्चिल यांच्या सर्व व्यक्तिचित्रांत अंतर्मुख करणारे चित्र विल्यम ऑर्पेन यांनी १९१६ साली काढलेले आहे. गॅलिपोलीची मोहीम फसली होती, हजारो सैनिक प्राणांस मुकले होते आणि चर्चिल मंत्रिमंडळाबाहेर होते. चित्रातील पार्श्वभूमी काळोखी आहे, खांदे पडलेले आहेत आणि नजर कोठेच स्थिर नाही. घराण्याच्या भित्तिपटांवरील सेनापतीपेक्षा ही अगदी निराळी प्रतिमा होय. याच सुमारास, १९१५ पासून, भावजय ग्वेंडोलिन हिच्या प्रोत्साहनाने चर्चिल यांनी स्वतः कुंचला हाती घेतला आणि आयुष्यभरात पाचशेहून अधिक चित्रे काढली.

कुटुंब आणि चार्टवेल

१९०८ साली त्यांनी क्लेमेंटाइन होझियर हिला ब्लेनहाइमच्या उद्यानातील डायनाच्या मंदिरात मागणी घातली आणि सप्टेंबरमध्ये विवाह झाला. डायना, रँडॉल्फ, सारा, मॅरिगोल्ड आणि मेरी ही पाच अपत्ये. त्यांपैकी मॅरिगोल्ड पुरती तीन वर्षांचीही होण्याआधी, ऑगस्ट १९२१ मध्ये दगावली. त्याच वर्षी जूनमध्ये चर्चिल यांच्या आईचाही मृत्यू झाला होता.

१९२२ मध्ये घेतलेल्या केंटमधील चार्टवेल या घरातील छायाचित्रांत विटा रचणारे चर्चिल दिसतात; १९२८ साली ते गवंडीकामगारांच्या संघटनेचे सभासदही झाले. सप्टेंबर १९३१ मधील एका छायाचित्रात चर्चिल कुटुंबासमवेत चार्ली चॅप्लिन उभे आहेत. गोलमेज परिषदेसाठी लंडनला आलेले महात्मा गांधी त्याच महिन्यात चॅप्लिन यांना भेटले, आणि त्या भेटीचीही छायाचित्रे उपलब्ध आहेत. चर्चिल यांनी मात्र गांधीजींना भेटण्याचे नाकारले. व्हाइसरॉयच्या प्रासादाच्या पायऱ्या चढणाऱ्या अर्धनग्न 'फकिरा'चे शब्दचित्र उपहासाने रंगविणारे त्यांचे भाषण त्याच वर्षीच्या फेब्रुवारीतले. एका वस्त्रातील माणसाची प्रतिमा साम्राज्याला किती जड जाणार आहे, हे प्रतिमांची इतकी जाण असलेल्या या मुत्सद्द्याने ओळखलेच असावे. त्यांच्या चिडीचे ते एक कारण दिसते.

युद्धातील चेहरा

१० मे १९४० रोजी ते पंतप्रधान झाले. त्यानंतरच्या पाच वर्षांत लष्कराच्या आणि वृत्तपत्रांच्या छायाचित्रकारांनी त्यांची अगणित छायाचित्रे घेतली. त्यांचा मोठा साठा लंडनच्या इंपीरियल वॉर म्युझियममध्ये आहे. बॉम्बफेकीत कोसळलेल्या कॉमन्सच्या सभागृहातील चर्चिल, कॉव्हेंट्रीच्या उद्ध्वस्त कॅथीड्रलमधून चालणारे चर्चिल, दोन बोटांनी विजयचिन्ह दाखविणारे चर्चिल. बोटांची ती खूण मूळची त्यांची नव्हे. 'व्ही' अक्षराची मोहीम १९४१ च्या जानेवारीत बीबीसीवरील बेल्जियन प्रसारणातून सुरू झाली आणि चर्चिल यांनी ती उचलली.

या साठ्यातील एक छायाचित्र फार बोलके आहे. ३१ जुलै १९४० रोजी ईशान्य किनाऱ्यावरील हार्टलपूल येथे संरक्षणव्यवस्थेची पाहणी करताना चर्चिल यांनी एक टॉमी गन हातात घेतली. अंगावर चट्ट्यापट्ट्यांचा सूट, डोक्यावर टोपी, तोंडात सिगार. ब्रिटिशांनी बाजूचे सैनिक वगळून हे छायाचित्र वापरले तेव्हा त्यात शत्रूची वाट पाहणारा एकाकी योद्धा दिसू लागला. जर्मनांनी तेच छायाचित्र पत्रकांवर छापले. त्यांच्या मजकुरात तो अमेरिकी चित्रपटांतील टोळीवाला, 'पाहिजे असलेला' गुन्हेगार होता. दोन्ही बाजूंनी छायाचित्राला हातही न लावता, केवळ चौकट आणि मथळा यांच्या जोरावर परस्परविरोधी अर्थ काढले.

युद्धकाळात कुटुंबही प्रकाशझोतात होते. रँडॉल्फची तरुण पत्नी पामेला आणि तिचे तान्हे बाळ यांचे सेसिल बीटन यांनी टिपलेले छायाचित्र जानेवारी १९४१ मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर आले. अमेरिका तेव्हा युद्धाबाहेर होती आणि तिची सहानुभूती ब्रिटनला हवी होती. धाकटी कन्या मेरी विमानवेधी तोफांच्या तुकडीत दाखल झाली. अभिनेत्री असलेली सारा हवाई दलाच्या महिला शाखेत गेली आणि टेम्स नदीकाठच्या मेडमेनहॅम येथे शत्रुप्रदेशाची हवाई छायाचित्रे भिंगाखाली तपासू लागली. १९४२ च्या नोव्हेंबरात उत्तर आफ्रिकेत सैन्य उतरत असताना पित्याने मोठ्या गुप्ततेने ही बातमी तिला सांगितली. त्या मोहिमेच्या छायाचित्रांवर ती कित्येक महिने काम करीत असल्याने तिला ती आधीच ठाऊक होती. पित्यालाही न सांगण्याचा नियम तिने पाळला होता.

१९४३ मधील तेहरान आणि १९४५ मधील याल्टा येथे सारा पित्यासोबत होती. या दोन परिषदांतील रूझवेल्ट, स्टालिन आणि चर्चिल यांची एकत्र छायाचित्रे शालेय पुस्तकांतून सर्वांच्या परिचयाची आहेत. तिघे एका रांगेत बसलेले असल्याने ते तुल्यबळ असल्याचा भास होतो. ब्रिटनचे बळ ओसरत चालले होते, हे छायाचित्र सांगत नाही.

८ मे १९४५ रोजी व्हाइटहॉलमधील सज्जातून विराट समुदायाला अभिवादन करणारे चर्चिल सर्वांनी पाहिले. त्या दिवशी क्लेमेंटाइन त्यांच्याजवळ नव्हती. रशियाला मदत पाठविणाऱ्या रेडक्रॉस निधीच्या कामासाठी ती मॉस्कोत होती. जुलैमध्ये पॉट्सडॅमची परिषद अर्ध्यावर असताना निवडणुकीचा निकाल लागला. त्यामुळे एकाच परिषदेची दोन प्रकारची छायाचित्रे इतिहासाला मिळाली : पहिल्या काही दिवसांत ट्रूमन व स्टालिन यांच्यासमवेत चर्चिल, आणि नंतर त्यांच्या खुर्चीवर क्लेमंट ॲटली.

कलकत्त्याहून आलेली छायाचित्रे

याच युद्धाची काही छायाचित्रे अशी आहेत की त्यांत चर्चिल कोठेच दिसत नाहीत आणि तरीही त्यांच्या चरित्रातून ती वगळता येत नाहीत. २२ ऑगस्ट १९४३ च्या रविवारी कलकत्त्याच्या 'द स्टेट्समन' या इंग्रजी दैनिकाने रस्त्यांवर पडलेल्या भूकबळींची छायाचित्रे छापली. संपादक इयान स्टीफन्स हे स्वतः इंग्रज, आणि पत्रही इंग्रजी मालकीचे. बंगालमध्ये दुष्काळ असल्याचे सरकार मान्य करीत नव्हते आणि युद्धकालीन नियमांमुळे मजकुरावर बंधने होती. छायाचित्रांच्या बाबतीत तशी स्पष्ट मनाई नव्हती. स्टीफन्स यांनी ती फट साधली. पुढच्या रविवारी आणखी छायाचित्रे आली आणि मग लंडन व दिल्ली या दोन्ही ठिकाणी मौन बाळगणे अशक्य झाले.

दुष्काळाची कारणे अनेक होती. १९४२ साली ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्याने तेथून येणारा तांदूळ थांबला. ऑक्टोबरात मेदिनीपूर भागात चक्रीवादळ आले. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनारपट्टीवरील होड्या आणि धान्याचे साठे सरकारनेच काढून घेतले. युद्धखर्चामुळे भाव भडकले आणि साठेबाजी बोकाळली. हिंदुस्थानमंत्री लिओ अमेरी धान्यासाठी जहाजांची मागणी वारंवार करीत होते, आणि चर्चिल यांच्या युद्ध मंत्रिमंडळाने ती बहुतांशी फेटाळली वा तुटपुंजी पुरविली. चर्चिल हिंदी लोकांविषयी किती तुच्छतेने बोलत, याच्या नोंदी खुद्द अमेरी यांच्या रोजनिशीत आहेत. जहाजांची टंचाई खरी होती, असे चर्चिल यांचे समर्थक म्हणतात; ती टंचाई कोणाच्या वाट्याला टाकायची हा निर्णय राजकीय होता, असे टीकाकारांचे म्हणणे आहे आणि नोंदी पाहता ते अधिक पटणारे आहे. सरकारी चौकशी आयोगाने मृतांची संख्या सुमारे १५ लाख धरली. अमर्त्य सेन यांच्यासह नंतरच्या अभ्यासकांनी ती ३० लाखांच्या आसपास मानली आहे.

सुनील जाना यांची दुष्काळाची छायाचित्रे मुंबईहून निघणाऱ्या 'पीपल्स वॉर' या साप्ताहिकातून देशभर पोहोचली. पुढे मुंबईत स्थायिक झालेले चित्रकार चित्तप्रसाद यांनी मेदिनीपूरमध्ये पायी फिरून रेखाटने केली. 'हंग्री बेंगॉल' या त्यांच्या पुस्तिकेच्या प्रती सरकारने जप्त करून नष्ट केल्या. कुटुंबाने जपलेली एक प्रत वाचली. हार्टलपूलचे छायाचित्र ज्या सरकारने जगभर पाठविले, त्याच साम्राज्याच्या यंत्रणेला ही रेखाटने कोणाच्या दृष्टीस पडू द्यायची नव्हती. १९४३ चा इतिहास मुळातून समजून घेऊ इच्छिणाऱ्याने हे दोन्ही संच शेजारी ठेवून पाहावेत.

अखेरची चित्रे

१९५१ मध्ये चर्चिल पुन्हा पंतप्रधान झाले. जून १९५३ मध्ये त्यांना पक्षाघाताचा तीव्र झटका आला. वृत्तपत्रांच्या मालकांनी ही गोष्ट संगनमताने दडपली आणि पुढील काही आठवडे जनतेला त्यांचे दर्शन घडले नाही.

२४ जानेवारी १९६५ रोजी, म्हणजे वडिलांच्याच मृत्युतिथीला, वयाच्या ९० व्या वर्षी त्यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये तीन लाखांहून अधिक लोकांनी अंत्यदर्शन घेतले. ३० जानेवारीचा अंत्यविधी दूरचित्रवाणीवरून अनेक देशांत दाखविला गेला. शवपेटी नेणारी नौका टेम्स नदीतून जात असताना काठावरच्या मालधक्क्यांवरील क्रेन एकामागून एक खाली झुकल्या. त्या दिवसाचे हेच दृश्य सर्वांत अधिक स्मरणात राहिले. दफन ब्लेनहाइमपासून जवळच असलेल्या ब्लेडन गावच्या चर्चच्या आवारात, आईवडिलांच्या शेजारी झाले. घराण्याची छायाचित्रे आणि कागदपत्रे आता मुख्यत्वे केंब्रिज येथील चर्चिल कॉलेजच्या अभिलेखागारात आहेत. कागदपत्रांचा मोठा भाग १९९५ साली राष्ट्रीय लॉटरीच्या १ कोटी २५ लाख पौंडांतून कुटुंबाकडून विकत घेण्यात आला, आणि पंतप्रधानपदी असलेल्या माणसाच्या कागदांसाठी त्याच्या वारसांना सार्वजनिक पैसा का द्यावा, यावर ब्रिटनमध्ये बराच वाद झाला.

अभिलेखागारात जे मिळणार नाही, असे एक चित्र आहे. चर्चिल यांच्या ८० व्या वाढदिवसानिमित्त संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ग्रॅहम सदरलंड यांच्याकडून त्यांचे तैलचित्र करवून घेतले. मोबदला एक हजार गिनी. ३० नोव्हेंबर १९५४ रोजी वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ते अनावृत झाले. खुर्चीचे हात घट्ट धरून बसलेला, थकलेला, खचत चाललेला पण हट्टी वृद्ध त्यात होता. चर्चिल यांना ते मुळीच रुचले नाही. आधुनिक कलेचा हा उल्लेखनीय नमुना असल्याचे त्यांनी भाषणात मिस्किलपणे सांगितले आणि सभागृहात हशा पिकला. चित्र चार्टवेलला नेण्यात आले. ते कधीही भिंतीवर लागले नाही. डिसेंबर १९७७ मध्ये क्लेमेंटाइन यांचे निधन झाल्यानंतर पुढच्याच महिन्यात जाहीर झाले की, ते चित्र त्यांच्या इच्छेनुसार बऱ्याच वर्षांपूर्वीच नष्ट करण्यात आले होते. त्यांच्या खासगी सचिव ग्रेस हॅम्ब्लिन यांनी आपल्या भावाच्या मदतीने ते रात्री घराबाहेर नेऊन जाळले होते, हे आणखी काही वर्षांनी उघड झाले. सदरलंड यांनी या चित्रासाठी केलेले कच्चे अभ्यास, त्यांत चर्चिल यांच्या हातांची आणि चेहऱ्याची रेखाटने आहेत, मात्र लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आणि कॅनडात सुरक्षित आहेत.